गोकर्णला जायचंय? मग आधी समुद्र, मग गणपती, मग महाबळेश्वर

पहिली गोष्ट, निघायच्या आधी वाडीत कोणाला "महाबळेश्वरला चाललोय" असं सांगू नका. मी सांगितलं होतं, तर शेजारच्या वहिनी म्हणाल्या येताना स्ट्रॉबेरी आणा, आणि स्वेटर घेतलात ना. आपलं हे महाबळेश्वर साताऱ्याचं नाही, गोकर्णचं, कारवारच्या खाली अगदी समुद्राला लागून, उकाडा आपल्यासारखाच. स्वेटरचं काही काम नाही, पंचे मात्र दोन-तीन जास्तीचे घ्या, का ते पुढे येईलच.

आमच्या घरी दत्तजयंतीच्या आधी गुरुचरित्राचा सप्ताह असतो आणि पहिल्याच दिवशी सहावा-सातवा अध्याय येतो, त्यात सगळं गोकर्णच आहे. रावण आईसाठी शंकराचं आत्मलिंग घेऊन लंकेला निघालेला, वाटेत संध्येची वेळ झाली, बटूच्या रूपातला गणपती म्हणतो मी धरतो पण तीन हाका मारीन, नाही आलास तर खाली ठेवीन, आणि ठेवलंच. मग रावणाने सगळा जोर लावून उपटायला बघितलं, ते पिळवटून गाईच्या कानासारखं झालं म्हणून गोकर्ण, आणि रावणाच्या बळालाही भारी पडलं म्हणून महाबळेश्वर. श्रीपाद श्रीवल्लभ तिथे तीन वर्षं राहिले तेही पोथीतच आहे. माझी काकी हे चाळीसेक वर्षं दरवर्षी हात जोडून ऐकत आलेली आणि मी म्हटलं चल जाऊया तर म्हणाली, "ह्यां पोथीतलां गोकर्ण? तां खरोखरीचां आसा?"

आसा ना. कुडाळला रात्री गाडीत बसलं की उजाडायच्या आधी तिथे. काशीला जायला माणसं रिटायर व्हायची वाट बघतात, गुडघे गेल्यावर निघतात, आणि हे भूकैलास म्हणवणारं क्षेत्र आपल्याच कोकण रेल्वेच्या रुळावर असून आपल्याकडचे निम्मे लोक गोकर्ण म्हटलं की ओम बीच एवढंच बोलतात. म्हणून हे लिहायला घेतलं. मी दोनदा जाऊन आलोय, पहिल्यांदा सगळं उलटं केलं आणि दुसऱ्यांदा काकीला घेऊन नीट केलं, तेव्हा दोन्हीकडचा अनुभव आहे.

जायचं कसं. स्टेशनचं नाव गोकर्ण रोड, आणि त्यातला 'रोड' विसरू नका, गाव तिथून नऊ-दहा किलोमीटर आत आहे. मुंबईहून सुटणारी मत्स्यगंधा आपल्याकडे रात्री येते आणि तिकडे भल्या पहाटे सोडते. स्टेशन छोटं, त्या वेळेला एखाददुसरी रिक्षा असते, जी असेल तिच्याशी फार घासाघीस करू नका कारण दुसरी येईल याची खात्री नाही. सोबत म्हातारी माणसं असतील तर मी म्हणेन तिथेच बाकावर बसा, थर्मासमधला चहा प्या आणि फटफटायला लागल्यावर निघा. नाहीतर दुसरा मार्ग म्हणजे मडगावपर्यंत कुठल्याही गाडीने जायचं आणि पुढे मंगळूरकडे जाणारी पॅसेंजर पकडायची, वेळ लागतो पण खिडकीतून काळी नदी दिसते, कारवारचे डोंगर दिसतात, बोगद्यांमागून बोगदे येतात, पोरं खूश. ज्यांना झोप प्यारी त्यांनी रात्रीची.

गाडी घेऊन जाणार असाल तर हायवे ६६ ने सरळ गोवा ओलांडायचा, कारवार, अंकोला, आणि मग मादनगेरीला उजवीकडे गोकर्णचा फाटा. मडगावपासून सव्वाशे किलोमीटरच्या आसपास धरा. पावसाळ्यात मात्र रात्री ह्या रस्त्याला जाऊ नका, हे मी उगाच घाबरवायला सांगत नाहीये. जुलै २०२४ मध्ये अंकोल्याजवळ शिरूरला डोंगर हायवेवर आला, माणसं आणि ट्रक खाली गंगावळी नदीत गेले, आणि त्यानंतर महिना व्हायच्या आत कारवारचा काळी नदीवरचा जुना पूल मध्यरात्री कोसळला. आपल्या घाटांचं जे होतं तेच तिथलं, कापलेला डोंगर आणि धो धो पाऊस. रेल्वेसुद्धा पावसाळी टाइमटेबलवर हळू चालते, तेव्हा वेळा परत बघून घ्या. जायला बरा काळ म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारी.

आता मुख्य मुद्दा, क्रम. गोकर्णला कुठल्या देवळात किती वेळ थांबलात यापेक्षा कशानंतर काय केलंत याला जास्त किंमत आहे. आधी समुद्रात स्नान, मग कोटितीर्थ, मग महागणपती, मग महाबळेश्वर, मग ताम्रगौरी, म्हणजे तिथली पार्वती. पहिल्या वेळेला आम्ही चार मित्र हॉटेलवर सामान टाकून बीचवर गेलो, आरामात नाश्ता केला आणि बारा वाजून गेल्यावर देवळाकडे आलो तर साडेबाराला दार बंद, ते संध्याकाळी पाचपर्यंत. मग संध्याकाळी दमून घामट अवस्थेत लाइनीत उभे राहिलो, गणपतीला गेलोच नाही, घरी आल्यावर काकीने विचारलं गणपतीक नारळ दिलास? मी गप्प. ज्या गणपतीमुळे लिंग तिथे राहिलं त्यालाच वगळून आलो होतो.

तर सकाळी सहा-साडेसहाला गोकर्णच्या मेन बीचवर या. हा गावाचा किनारा, देवळापासून चालत दोन-तीन मिनिटांवर. स्नान म्हणजे पोहणं नव्हे. तिथला समुद्र दिसायला शांत असला तरी आत ओढ आहे, गुडघाभर पाण्यात बसून तांब्याने डोक्यावर घ्या, पुण्य तेवढंच मिळतं. आपण समुद्रकाठची माणसं, आपल्याला सांगायला नको, पण देशावरचे पाहुणे सोबत असतील तर त्यांच्यावर डोळा ठेवा, त्यांना लाट आली की पुढे पळावंसं वाटतं. भरती-ओहोटीचा आपला जुना हिशोब, तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास, तो तिथेही अंदाजाला चालतो, फक्त तास-दीड तास इकडेतिकडे धरा. पावसाळ्यात समुद्रात उतरूच नका, हातपाय धुवा, पाणी शिंपडा, बस.

ओल्या अंगाने बीचवरून वर आलं की महाबळेश्वराचं देऊळ लगेच येतं आणि इथेच सगळे फसतात, समोर देव दिसल्यावर पाय आपोआप आत वळतात. वळू द्यायचे नाहीत. नमस्कार करून तसंच पुढे रथबीदीने चालायचं, म्हणजे रथाचा रस्ता, दोन्ही बाजूला हारवाले, भांड्यांची दुकानं, लाकडी खांबांची जुनी कौलारू घरं, आणि रस्त्याच्या कडेला उभे असलेले ते प्रचंड लाकडी रथ. माघातल्या महाशिवरात्रीच्या उत्सवात हे रथ ओढतात आणि लोक त्यांच्यावर केळी फेकतात, नेम धरून, देवाला पोचावं म्हणून. गर्दीची सवय असेल तर तेव्हा जाच, पण म्हातारी माणसं आणि लहान पोरं असतील तर शिवरात्र सोडून कुठलाही दिवस बघा, आणि जमलं तर सोमवारही टाळा.

रस्ता पुढे कोटितीर्थाला जातो. मोठं चौकोनी तळं, चहूबाजूला दगडी पायऱ्या, काठाने छोटी देवळं आणि पुरोहितांची घरं. पायऱ्यांवर शेवाळ असतं. काकीचा हात मी इथे एकदाच सोडला आणि ती जवळजवळ गेलीच होती खाली, नशीब शेजारच्या बाईने पदर धरला. अनवाणी आणि कठड्याकडून उतरा. पूर्ण स्नान करणारेही आहेत, पण तिथेच कोणी पिंड सोडतंय कोणी कपडे धुतंय, माझं मत विचाराल तर पाय बुडवून डोळ्यांना पाणी लावलं तरी चालतं. काकीने मात्र माझं ऐकलं नाही, तीन बुडक्या मारल्याच आणि तिला काही झालं नाही, सर्दी मला झाली.

श्राद्ध, पिंडदान, नारायणबळी असली कामं करायची असतील तर ती इथल्या पुरोहितांकडेच होतात, बहुतेक हव्यक ब्राह्मण घराणी, पिढ्यान्‌पिढ्या हेच. ओळखीतून फोन करून आधी ठरवून जाणं उत्तम, आपल्याकडच्या भटजींना विचारलंत तर कोणाचं ना कोणाचं नाव निघतंच. बस स्टँडवर कोणी येऊन "पूजा? पूजा?" करत मागे लागलं तर हसून पुढे चला. एकाने आम्हाला आधी आकडा सांगितला नाही, सामानाचे वेगळे, दक्षिणेचे वेगळे, गाईचे वेगळे असं करत करत जे झालं ते मी घरी सांगितलेलं नाही. तेव्हा संकल्पाचं पाणी हातात घ्यायच्या आधी सगळं मिळून किती ते विचारायचं, लाजायचं नाही.

आणि पूजेचं महागडं ताट घेण्याची गरज नाही हे मी पोथीच्या आधाराने सांगतोय. सातव्या अध्यायात ती गोष्ट आहे ना, आंधळी, रोगाने गांजलेली, उपाशी म्हातारी शिवरात्रीला गोकर्णला भीक मागत पडलेली, कोणीतरी तिच्या हातावर बेलाचं पान टाकलं, तिने चाचपलं, खायचं नाही म्हणून फेकून दिलं आणि ते नेमकं लिंगावर पडलं. तिला न्यायला विमान आलं. एक पान, तेही चुकून. तर हार, नारळ, बेल एवढं पुरे, आणि ते हालक्की बायकांकडून घ्या, गळाभर मण्यांच्या माळा घातलेल्या दिसतील, फुलं-भाजी घेऊन रस्त्याच्या कडेला बसतात. पद्मश्री मिळालेल्या तुलसी गौडा, त्या झाडं लावणाऱ्या आजी, ह्याच हालक्की समाजातल्या होत्या, अंकोल्याकडच्या.

कोटितीर्थाहून परत त्याच रस्त्याने मागे यायचं, म्हणजे महाबळेश्वराच्या अलीकडे महागणपतीचं देऊळ लागतं. इथे गर्दी कमी असते म्हणून लोक दोन सेकंदात उरकतात, तसं करू नका. उभी मूर्ती आहे, दोनच हात, आपल्या नेहमीच्या चार हातांच्या गणपतीसारखी नाही, बटूच तो. डोक्यावर खोलगट खूण आहे, चिडलेल्या रावणाने टोला मारला त्याची म्हणतात. पुजाऱ्यांना विचारलं तर दाखवतात. काकी तिथे बराच वेळ बघत राहिली आणि मग म्हणाली, "पोराक मारल्यान रे." नारळ इथेच द्या.

आता महाबळेश्वर. पंच्यांची गोष्ट इथली. पुरुषांनी शर्ट आणि बनियन दोन्ही काढायचं, खाली धोतर, लुंगी किंवा पंचा. जीन्स, बर्म्युडा चालत नाही. बाहेर विकत मिळतं पण घाईत घेतलेली लुंगी सुटते, हे मी आमच्या ग्रुपमधल्या एकाचं नाव न घेता सांगतो. बायकांनी साडी किंवा ओढणीसकट सलवार-कमीज. मोबाइल पिशवीत बंद, आत फोटो नाही. पाकीट लुंगीला खोचता येत नाही म्हणून छोटी कापडी पिशवी गळ्यात अडकवा, दक्षिणेचे सुटे त्यात. सकाळी दहाच्या आत लाइनीत असाल तर बरं, साडेबाराला बंद व्हायच्या आधीची शेवटची ढकलाढकली वाईट असते.

आत गेल्यावर काय दिसणार ते आधी माहीत हवं, नाहीतर हिरमोड होतो. मोठं काळंभोर लिंग समोर दिसेल असं काही नाही. खाली पीठ आहे, त्याच्या मधोमध भोक, आत्मलिंग त्याच्या आत, खाली. वाकून बसायचं, पुजारी पाणी सोडतात, आणि त्या भोकात बोट घालून टोकाला स्पर्श करायचा. डोळ्यांनी नाही, बोटाने दर्शन. चाळीस वर्षांतून एकदा अष्टबंध, म्हणजे पीठ नव्याने पक्कं बसवायचा विधी, होतं तेव्हा पीठ काढून आतलं लिंग उघडं दिसतं, एरवी नाही. म्हणून आत जायच्या आधीच अंगठ्या काढा, नखं कापून या, आणि तुमची पाळी आली की आपण कुठे बसायचं, हात कुठे, हे पुढच्या माणसाचं बघून ठेवा कारण मिळतात ते पाच-सात सेकंद, त्यात गोंधळलात की संपलं. गुडघे दुखणाऱ्यांना खाली वाकायला जड जातं, तसं आधीच पुजाऱ्यांना सांगितलं तर ते हात धरतात. कानडी येत नसलं तरी अडत नाही, कोकणी बऱ्याच जणांना येते आणि आपली मालवणी त्यांना निम्मी कळते. काकीने तर आतमध्ये सरळ मालवणीत "वाईच थांबा" सांगितलं आणि ते थांबले की!

तिला बोटाला काय लागलं ते मी विचारलं बाहेर आल्यावर. म्हणाली, थंड. आणि वाकडां.

नंतर तिथेच ताम्रगौरीचं दर्शन. देवळाकडून दुपारी प्रसादाचं जेवण असतं, वेळ जुळली तर पंगतीत बसा, भात-सांबार साधंच पण पहाटेपासून उपाशी असलेल्या माणसाला त्याहून चांगलं काही लागत नाही. बाहेर खायचं तर नीरडोसा मागवा, म्हणजे आपलं घावनंच, फक्त ते लोक आणखी पातळ काढतात. आमच्या काकीचं म्हणणं तिच्या घावनांना जाळी जास्त पडते. असेल.

दुपारी आडवे व्हा. संध्याकाळी चार-साडेचारला मेन बीचच्या दक्षिण टोकाला रामतीर्थ आहे तिथे जा, टेकडीच्या पोटाशी रामाचं देऊळ आणि समुद्राच्या इतक्या जवळ असून गोड्या पाण्याचा झरा. पायऱ्या थोड्याच आहेत. तिथूनच वर टेकडीवरून पायवाट कुडले बीचला उतरते, तरुण मंडळींनी तिकडे जावं, ओम बीचही बघावा, मी काही बीचच्या विरोधात नाही. वर टेकडीवर उभं राहिलं की ओमचे दोन अर्धगोल नीट दिसतात. फक्त देवळाचं सगळं झाल्यावर. आणि देवळाच्या आसपास बीचच्या कपड्यात फिरू नका, तिथल्या लोकांना आता सवय झालीय पण आवडतं असं नाही.

सूर्यास्ताला मेन बीचवर बसलात तर एक आठवण करून देतो. १६६५ मध्ये शिवाजी महाराज मालवणहून आरमार घेऊन निघाले, खाली बसरूरवर स्वारी केली आणि परतताना शिवरात्रीच्या सुमाराला गोकर्णला उतरून तीर्थस्नान केलं, मग अंकोला, कारवार करत वर आले. म्हणजे मालवण-गोकर्ण ही वाट आपल्याकडच्यांना नवी नाही, फक्त ते गलबतांनी गेले. त्याच्याही कितीतरी आधी कालिदासाच्या रघुवंशात दक्षिण समुद्राकाठच्या गोकर्णच्या शंकराकडे निघालेला नारद आहे.

एक दिवस जास्तीचा असेल आणि गाडी असेल तर पंचक्षेत्र करून टाका, गोकर्ण धरून शंकराची पाच ठिकाणं. लिंगासोबतच्या वस्तू रावणाने चिडून भिरकावल्या, जिथे पडल्या तिथे तिथे शंकर. पेटी पडली ते सज्जेश्वर, कारवारजवळ शेजवाडला, हे जातानाच वाटेत करा, परतताना कंटाळा येतो आणि राहून जातं. झाकण पडलं ते गुणवंते, होन्नावरच्या पुढे. दोरा पडला ते धारेश्वर, कुमट्याच्या दक्षिणेला. कापड पडलं ते मुर्डेश्वर, तिथला १२३ फुटी शंकर आणि वीस मजली गोपुर सगळ्यांना माहीत असतं, आणि खरं सांगायचं तर गर्दी, पार्किंग, सेल्फी यात तिथे देव राहतो बाजूला. पण पोरांना तेच आवडतं, काय करणार. मला धारेश्वर आवडलं, शांत, जुनं दगडी, आम्ही गेलो तेव्हा आत आम्ही आणि एक मांजर.

वाटेत साणीकट्ट्याची मिठागरं दिसतात, शिरोड्यासारखीच, गाडी दोन मिनिटं थांबवा. काकीने तिथलं मीठ किलोभर घेतलं, प्रसादाच्या पिशवीत ठेवलं आणि घरी आल्यावर सगळ्यांना अंगारा, साखरफुटाणे आणि चिमूटभर मीठ असा प्रसाद वाटला.

परतीची गाडी रेल्वेची असेल तर गोकर्ण रोडला अर्धा-पाऊण तास आधी पोचा, गावातून रिक्षा दुपारीच ठरवून ठेवा. गाडी मिनिट-दोन मिनिटंच थांबते आणि आपला डबा नेमका कुठे येणार ते स्टेशन मास्तरला विचारून त्याच जागी उभे राहा, लांब पडलात तर पळायला लागतं. गाडी आली की पिशव्या नंतर, आधी म्हातारी माणसं चढवा.